'सैराट'चा 'धडक' होताना

एका भाषेत गाजलेला चित्रपट दुसऱ्या भाषेत नव्याने काढणे हा चित्रव्यवसायातला जुना व्यवहार आहे आणि त्यात मुळात गैर असे काही नाही. शांतारामबापूंच्या 1972 च्या 'पिंजरा'मागे 1930 चा जर्मन 'द ब्लू एंजल' उभा आहे हे जाणकारांना ठाऊक होते, तरीही मराठी प्रेक्षकाने तो आपलाच मानला. जर्मन प्राध्यापकाचा खेड्यातला मास्तर झाला, रात्रीच्या क्लबातली गाणारी तमाशाच्या फडावर आली आणि गोष्टीने या मातीत मूळ धरले. 'पिंजरा'ने तमाशातल्या स्त्रीकडे कोणत्या नजरेने पाहिले हा वेगळा आणि भांडण्याजोगा विषय आहे. तो आज नको. पुनर्निर्मिती करणारा मूळ गोष्टीतले काय उचलतो आणि काय गाळतो, यावरून तो कोणासाठी चित्रपट काढतो आहे हे ओळखता येते, एवढेच इथे लक्षात ठेवायचे.

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' 29 एप्रिल 2016 रोजी पडद्यावर आला. तोपर्यंत कुठल्याच मराठी चित्रपटाने मिळवला नव्हता एवढा पैसा त्याने मिळवला. साहजिकच कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली अशा भाषांत त्याच्या आवृत्त्या निघाल्या; कन्नडमध्ये तर नायिकाही रिंकू राजगुरूच होती. 20 जुलै 2018 रोजी हिंदी 'धडक' आला. दिग्दर्शक शशांक खेतान, निर्मितीत करण जोहर यांची संस्था, संगीत मूळचेच अजय-अतुल यांचे. करमाळा तालुक्यातले खेडे जाऊन उदयपूर आले. अर्चना पाटीलची पार्थवी सिंग झाली, प्रशांत काळेचा मधुकर बागला झाला आणि पळून जाण्याचे ठिकाण हैदराबादऐवजी कलकत्ता झाले. गोष्ट तीच, सूर तेच. मग दुसरा चित्रपट पाहून बाहेर पडताना छातीवरचा दगड जागचा हललेलाच नसावा, असे का?

मी सोनगीरचा. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे, धुळ्याच्या उत्तरेला असलेले, किल्ल्याचे आणि तांब्यापितळेच्या भांड्यांचे हे गाव. वडिलांनी दुसऱ्याच्या शेतावर सालदारकी केली. कॉलेजची पायरी चढणारा घरातला मी पहिला. 'सैराट' आला तेव्हा मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवीत होतो आणि धुळ्याच्या थिएटरात विद्यार्थ्यांच्या घोळक्यात बसून तो पाहिला. पूर्वार्धात खुर्च्यांवर उभी राहून नाचलेली पोरे शेवटी दिवे लागल्यावरही उठेनात. दोन वर्षांनी त्यांच्याच पाठची पोरे 'धडक' पाहून आली आणि दुसऱ्या दिवशी तासाला एकाने विचारले, "सर, हिंदीमा पोर वाची गयी. मंग तिले का बर सोडी दिनं?"

दोन्ही चित्रपटांवर त्या वर्षी बरेच छापून आले. या प्रश्नाएवढे नेमके माझ्या वाचनात काही आले नाही. म्हणून शेवटापासूनच सुरुवात करतो.

'सैराट'च्या शेवटी अर्ची दारात रांगोळी काढीत असते. तिचा भाऊ प्रिन्स माणसे घेऊन येतो, हातात आईने पाठवलेल्या भेटी असतात. अर्ची चहा करते. शेजारीण लहानग्याला घेऊन परतते तेव्हा घरात दोन प्रेते असतात, आणि ते लेकरू रक्तात पाय भरवून रडत बाहेर येते. पार्श्वसंगीत नाही. 'धडक'मध्ये माहेरची माणसे अशीच येतात, पार्थवी मिठाई आणायला खाली जाते, आणि ती परतत असताना वरून तिचा नवरा आणि मूल खाली येऊन आदळतात. ती किंकाळी फोडते. मुलगी जगते.

हा किरकोळ बदल नव्हे. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. जात म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, बाकी सारी लक्षणे त्यामागून येतात, असा त्याचा गाभा. हे कुंपण टिकवायचे तर लग्नाच्या वयातल्या प्रत्येक स्त्रीचा बंदोबस्त करावा लागतो. नवरा मेल्याने 'उरलेली' बाई जातीबाहेर जाऊ नये म्हणून सती, सक्तीचे वैधव्य. 'उरलेल्या' पुरुषासाठी न वाढलेल्या मुलीशी लग्न. सती आणि बालविवाह यांकडे केवळ क्रूर रूढी म्हणून पाहण्याची सवय असलेल्या सुधारकांना बाबासाहेबांनी त्यामागचे गणित दाखवले. 'सैराट' या निबंधानंतर बरोबर शंभर वर्षांनी आला. प्रिन्स बहिणीला का मारतो याचे उत्तर त्या निबंधात आहे. जातीच्या लेखी परश्या हा बाहेरून आलेला चोर आहे, पण फाटक उघडून दिले ते अर्चीने. चोराला मारून भागत नाही.

'धडक'मधल्या भावाला हे गणित ठाऊक नाही. त्याला आवडती बहीण परत हवी आहे आणि मधल्या माणसाचा काटा काढायचा आहे. हे वैर झाले, आणि वैर कुठल्याही दोन घरांत असू शकते. त्या विद्यार्थ्याला खटकले ते हेच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. वास्तवात मुलगी नेहमी मारली जातेच असे नाही. 28 एप्रिल 2014 रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला वरच्या जातीतल्या मुलीशी बोलल्याच्या संशयावरून हाल करून मारले. 2017 च्या नोव्हेंबरात त्या खटल्यातले नऊही आरोपी सुटले, कारण साक्षीदार फिरले. खर्डा करमाळ्यापासून फार दूर नाही. तमिळनाडूत उडुमलैपेट्टै येथे 13 मार्च 2016 रोजी, म्हणजे 'सैराट'च्या दीड महिना आधी, शंकर या दलित तरुणाला भर रस्त्यात तोडले. त्याची पत्नी कौसल्या वाचली. पण वाचलेल्या कौसल्येने काय केले? स्वतःच्या आईबापांविरुद्ध कोर्टात साक्ष दिली आणि जातीविरोधी चळवळीत उतरली. 2020 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिच्या बापाला सोडले, तरी ती मागे हटली नाही. मुलीला जिवंत ठेवायचे तर गोष्ट तिथून सुरू होते. 'धडक' तिथे किंकाळीवर थांबतो. ती पोलिसांत जाईल का, कोणाचे नाव सांगेल, कोणाच्या घरी राहील, यातला एकही प्रश्न त्याला पडत नाही.

आता वर्गातला दुसरा आक्षेप. एक मुलगी म्हणाली, सर, 'सैराट'मध्ये तरी जातीचे नाव कुठे घेतले आहे? उलट 'धडक'मध्ये मुलाचा बाप स्पष्ट बजावतो की ती मोठ्या जातीची माणसे आहेत, लांब राहा. मग जात गाळली ती कोणी?

आक्षेप रास्त आहे. 'सैराट'मध्ये जातीवर भाषण नाही. आपल्यातल्याही काही जणांनी त्या वेळी हीच तक्रार केली होती की मंजुळ्यांनी नाव घ्यायला हवे होते. मला ती पटली नाही. खेड्यात जातीचे नाव कोण घेतो? ज्याला ती जगावी लागते त्याला नावाची गरज पडत नाही. ती आडनावात असते, घर गावाच्या कुठल्या अंगाला आहे यात असते, कोण आल्यावर कोण उठते यात असते. खानदेशात नुसत्या 'पाटील' आडनावाने तर काहीच कळत नाही. मराठा पाटील, लेवा पाटील, गुजर पाटील, सगळेच पाटील. आपल्याकडची म्हातारी माणसे म्हणून लगेच गाव विचारतात आणि मग कोणाचा कोण ते विचारतात. पण तात्या पाटील पडद्यावर आल्याबरोबर आमच्या थिएटरातल्या एकाही माणसाला गाव विचारावे लागले नाही. क्रिकेटच्या सामन्याचे बक्षीस त्याच्याच हातून द्यायचे, भाषण त्यानेच करायचे, आणि मासे धरणाऱ्याच्या पोराने मैदानात कितीही धावा काढल्या तरी बक्षीस घेण्यापुरतेच व्यासपीठाजवळ जायचे.

'धडक'ची सुरुवात खाण्याच्या शर्यतीने होते. जो जास्त खाईल तो जिंकला. दिग्दर्शकाला गंमत हवी होती हे मान्य. पण वाड्यावस्त्यांच्या संघांचा सामना आणि खाण्याची पैज यांत काय फरक आहे हे त्याला जाणवलेही नसावे असे वाटते.

विहिरीचे तसेच. अर्ची मैत्रिणींबरोबर पोहत असते त्या विहिरीत परश्या शेतांतून धावत येऊन उडी टाकतो, आणि ती त्याला बाहेर काढते. प्रेमिकांची पाण्यावरची भेट हिंदी चित्रपटाने शेकडो वेळा दाखवली असेल. पण 20 मार्च 1927 ला महाडच्या तळ्यावर काय झाले हे ज्याच्या घरात सांगितले जाते, त्याला विहिरीतली उडी नुसती प्रेमाची दिसत नाही. दिग्दर्शक त्यावर बोट ठेवीत नाही. ज्याला दिसायचे त्याला दिसते.

आणि तो वर्ग. लोखंडे नावाचे नवे प्राध्यापक कविता शिकवीत असतात, प्रिन्सला हटकतात आणि भर वर्गात त्यांच्या तोंडात बसते. मग त्यांना समजावले जाते की हा कोण आहे. गुन्हेगाराची ओळख मार खाणाऱ्याने करून घ्यायची! त्या प्रसंगी थिएटरात हशा पिकला. मी हसलो नाही. तासिका तत्त्वावरच्या माणसाला वर्षाच्या अखेरीस कोणाकोणाच्या दारात उभे राहावे लागते हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या थपडेचा आवाज वेगळा ऐकू येतो. मला स्वतःला कोणी मारले नाही. पण मागच्या बाकावरच्या एखाद्याला 'मोबाईल ठेव' म्हणण्याआधी त्याचे आडनाव मनात आठवून पाहिले आहे, एकदा नव्हे, अनेकदा.

याहून अवघड प्रसंग परश्याच्या बापाचा. पोरगा पाटलाची मुलगी घेऊन पळाला म्हणून त्याच्याच जातीची पंचायत बसते, आणि तो मुलीचे लग्न अडेल म्हणून पंचांपुढे स्वतःच्याच तोंडात मारून घेतो. खालच्या जातीही आपल्या कुंपणाला किती जपतात हे दाखवायला धैर्य लागते, कारण टाळ्या कोणाकडूनच मिळत नाहीत. 'सैराट' यायच्या पंधरा-सोळा दिवस आधी, 13 एप्रिल 2016 ला, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला होता. तो 2017 मध्ये अमलात आला. पंचायती त्यामुळे बंद पडल्या असे म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

हे सगळे काढून घेतल्यावर 'धडक'च्या हाती काय उरते? मुलाच्या बापाचे खाणावळीचे बऱ्यापैकी चाललेले हॉटेल. मुलीच्या बापाची हवेली आणि निवडणूक. म्हणजे श्रीमंत घर आणि त्याहून कमी श्रीमंत घर. जातीचे नाव एकदा तोंडाने उच्चारले, पण ती ना घरात आहे, ना रस्त्यावर, ना पाण्यात. ज्या गोष्टीत जात वस्तूंमध्ये होती तिथे ती शब्दात आली आणि वस्तूंमधून गेली. त्या मुलीला मी एवढेच उत्तर देऊ शकलो.

पळून गेल्यानंतरचे आयुष्य पाहा. हैदराबादेत अर्ची झोपडपट्टीत येऊन पडते. तिथला वास, तिथले संडास तिला सोसवत नाहीत, ती घरच्या आठवणीने रडते, परश्यावर चिडते. डोशाची गाडी चालवणारी सुमनअक्का दोघांना आसरा देते. छाया कदम यांनी केलेली ही बाई मला दोन्ही चित्रपटांतली सर्वांत मोठी व्यक्ती वाटते. तिला यांची जात विचारावीशीच वाटत नाही. कालपर्यंत ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणारी मुलगी कारखान्यात बाटल्यांपुढे उभी राहते, तेलुगू शिकते. प्रेमासाठी जात सोडणे म्हणजे काय काय सोडणे, हे तिच्या नाकातोंडात शिरते. कलकत्त्यात पार्थवीलाही हाल आहेत, पण ते शहरात नव्याने आलेल्या कुठल्याही जोडप्याचे हाल आहेत.

आता गाण्यांविषयी, कारण दोन्ही चित्रपट लोकांपर्यंत गेले ते गाण्यांवर. 'सैराट'चा वाद्यमेळ अमेरिकेत जाऊन, हॉलिवूडच्या ध्वनिमुद्रणगृहात पाश्चात्त्य वादकांकडून वाजवून घेतला होता. कोळ्याच्या होडीवर, उसाच्या फडावर एवढी व्हायोलिने! त्या वेळी काहींना हे विसंगत वाटले. मला त्यातच चित्रपटाची रचना दिसते. मासेमाराच्या पोराने स्वप्न पाहायचे ते हिंदी सिनेमाने शिकवले तसेच पाहणार, आणि त्या स्वप्नाला पूर्ण वाद्यवृंद मिळालाच पाहिजे. गाणी चार, आणि चारही पूर्वार्धात संपतात. पुढे पळापळ सुरू झाली की गाणे नाही. जिच्यावर आपण खुर्चीवर उभे राहून नाचलो ती मिठाई आपल्यालाच भरवून मग वाढणारा निघून जातो. शेवटच्या शांततेचे वजन या चार गाण्यांनी आधीच भरून ठेवलेले असते. 'धडक'ने 'झिंगाट' हिंदी शब्दांत घेतले, 'याड लागलं'ची चाल घेतली. चाली उत्तमच आहेत. पण स्वप्न आणि जाग यांतले अंतर उरले नाही, तेव्हा गाणे नुसते गाणे झाले.

'झिंगाट'चे एक खानदेशी सत्यही सांगून टाकतो. 2016 नंतरच्या लग्नसराईत आमच्याकडे ज्या ज्या वरातीत ते वाजले, त्यांतल्या कितीतरी घरांतून मुलींना 'अर्ची होऊ नको' अशी तंबी दिली जात होती. माझ्याच वर्गातली एक हुशार मुलगी त्या जूनमध्ये दुसऱ्या वर्षाला आलीच नाही. निरोप मिळाला, लग्न ठरले. गाण्यावर नाचायचे आणि गोष्टीला घाबरायचे, हे दोन्ही एकाच घरात सुखाने नांदले. याचा दोष मी चित्रपटाला देत नाही, पण आपण त्याच्या यशाने जरा लवकर हुरळलो हे खरे.

पुनर्निर्मितीने मूळ गोष्ट पातळच होते असा मात्र नियम नाही. अमेरिकेतला 'वेस्ट साइड स्टोरी' हा 1961 चा संगीतपट न्यूयॉर्कमधले गोरे तरुण आणि प्वेर्तो रिकोहून आलेले स्थलांतरित यांच्या टोळ्यांमधली प्रेमकथा सांगतो. नायिका मारिया प्वेर्तो रिकन, पण भूमिका केली गोऱ्या नटाली वुडने. तिच्या भावाची भूमिका ग्रीक वंशाच्या नटाने चेहरा तपकिरी रंगवून केली. खरी प्वेर्तो रिकन रिटा मोरेनो अनिता झाली, तर तिलाही आणखी काळे रंगवले! साठ वर्षांनी, 2021 मध्ये, स्टीव्हन स्पीलबर्गने तोच चित्रपट नव्याने काढला. लॅटिन अमेरिकी वंशाचे नट घेतले. ज्या गरीब वस्तीत हे भांडण चालते ती मोठे कलासंकुल बांधण्यासाठी पाडली जात आहे हे पहिल्याच दृश्यात दाखवले, म्हणजे दोन्ही टोळ्या ज्या जमिनीसाठी मरतात ती दोघांचीही राहणार नाही. आणि पात्रे स्पॅनिश बोलतात तिथे खाली इंग्रजी भाषांतर दिले नाही. कळत नसेल तर ऐकून घ्या, असा त्याचा अर्थ. चाली तिथेही जुन्याच होत्या. श्रीमंत कंपनी, मोठा दिग्दर्शक, कोट्यवधींचा खर्च, हे सारे असूनही मूळ चित्रपटाने झाकलेले उघडे करता येते. तेव्हा 'व्यवसायाच्या अडचणी' ही सबब पुरी पडत नाही.

उलट दिशेची पुनर्निर्मिती आमच्या याच रस्त्यावर आहे. सोनगीरहून धुळे ओलांडून दक्षिणेला गेले की मालेगाव लागते. तिथल्या यंत्रमागांच्या गावात नासिर शेख यांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' काढला, तुटपुंज्या पैशांत, गावातल्याच माणसांना घेऊन. गरिबांनी श्रीमंतांचा चित्रपट उचलला आणि त्यात आपले गाव, आपली बोली, आपली टिंगल भरली. 'धडक'मध्ये श्रीमंतांनी गरिबांचा चित्रपट उचलला आणि गाव, बोली काढून टाकली. 2025 मध्ये मालेगावच्या या खटाटोपावरही मुंबईने एक मोठा चित्रपट काढला. आता त्याचीही कोणी मालेगावात टिंगल करील अशी आशा आहे.

'धडक'च्याच निर्मात्यांनी 1 ऑगस्ट 2025 रोजी 'धडक 2' आणला. तो 'सैराट'चा भाग नाही. मारी सेल्वराज यांच्या 2018 च्या 'परियेरुम पेरुमाळ' या तमिळ चित्रपटाची ती हिंदी आवृत्ती, दिग्दर्शिका शाझिया इक्बाल. कायदा शिकायला आलेला दलित विद्यार्थी, आणि या खेपेला जात झाकलेली नाही. सात वर्षांत एवढे अंतर कापले गेले त्याचे श्रेय 'धडक'वर तुटून पडलेल्या आपल्या तरुण लेखकांनाही द्यायला हवे. पण परीक्षण मंडळाने सोळा बदल करवून घेतल्याचे वर्तमानपत्रांत आले, आणि त्यांत जातिवाचक शब्दही होते. निर्माता नाव घ्यायला तयार झाला तेव्हा दारावरच्याने अडवले.

कार्यकर्त्यांनी हे दोन चित्रपट दाखवावेत, पण सबंध दाखवण्याच्या भानगडीत पडू नये. पाच तास कोणी बसत नाही. आम्ही गेल्या वर्षी सोनगीरला एका समाजमंदिरात दोघांची शेवटची पंधरा-पंधरा मिनिटे लागोपाठ दाखवली, आधी 'धडक', मग 'सैराट'. चर्चा पोरांशी होईल असे वाटले होते. झाली ती बायांशी. एका म्हातारीने विचारले की त्या लेकराला मग कोणी सांभाळले, आईच्या माहेराने की बापाच्या? कोणालाच उत्तर देता येईना. मग दुसरीने विचारले की पोरे पळून आली तर त्यांना ठेवायचे कुठे. तेव्हा सांगता आले की सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2018 रोजी शक्ती वाहिनी खटल्यात प्रत्येक जिल्ह्यात अशा जोडप्यांसाठी विशेष कक्ष असावा, सुरक्षित निवारा असावा, पोलीस अधीक्षकांनी तक्रारीची दखल घ्यावी, असे आदेश दिले आहेत. 'धडक' त्यानंतर चार महिन्यांनी आला. धुळ्याचा कक्ष कुठे बसतो, फोन कोण उचलतो, हे त्या रात्री जमलेल्या चाळीस माणसांपैकी एकालाही सांगता आले नाही. मलाही नाही. दुसऱ्या दिवशी दोन विद्यार्थी आणि ती म्हातारीची सून, तिघे जण बसने धुळ्याला चौकशीला गेले.